एक्कावन्न की साठ? अमेरिकी काँग्रेसमध्ये पैशाचा कायदा होतो कसा

मे २०२५ मधली गोष्ट. रात्री साडेदहाच्या सुमारास न्यू जर्सीतल्या एडिसनहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ती तिथे एच-वन-बी व्हिसावर नोकरी करते आणि दर महिन्याला साताऱ्याला मावशीच्या खात्यात पैसे पाठवते. आवाजावरूनच कळलं, काहीतरी बिनसलंय. "दादा, इथून पाठवलेल्या पैशांवर पाच टक्के कर बसणार म्हणतायत. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे आत्ताच एकदम पाठवून टाकू का?"

मी म्हटलं, थांब जरा, विधेयक आत्ता कुठे समितीत आलंय. दहा दिवसांत पाचाचे साडेतीन टक्के झाले. जूनच्या शेवटी साडेतीनाचा एक टक्का झाला, आणि तोही फक्त रोख रक्कम, मनीऑर्डर किंवा कॅशियर्स चेक देऊन पैसे पाठवणाऱ्यांना. ४ जुलैला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सही केली, तेव्हा खात्यातून पैसे पाठवणाऱ्या माझ्या बहिणीला त्यातला एक सेंटही लागू नव्हता.

हा विषय आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार परदेशातून भारतात येणाऱ्या पैशांत सर्वांत मोठा वाटा अमेरिकेचा होता, २७.७ टक्के. आणि ते पैसे ज्या राज्यांत येतात त्यांत महाराष्ट्र पहिला, २०.५ टक्के. तरीही तिथे पैशाचा कायदा कसा होतो, पाचाचा एक टक्का नेमका कुठे आणि का होतो, हे आपल्याकडे कुणी धड सांगत नाही. निवडणुकीवर मात्र आपण तासन्‌तास बोलतो. मला हे मनापासून खटकतं, म्हणून हा लेख.

एक खुलासा आधीच करतो. या लेखात काँग्रेस म्हणजे पक्ष नव्हे, अमेरिकेची संसद. तिची दोन सभागृहं आहेत. प्रतिनिधीगृहात ४३५ सदस्य, लोकसंख्येच्या प्रमाणात. सिनेटमध्ये १००, प्रत्येक राज्याचे दोन, मग राज्य कॅलिफोर्नियाएवढं अवाढव्य असो की वायोमिंगएवढं विरळ. दोन्हीकडे शब्द न्‌ शब्द सारखं विधेयक मंजूर झालं तरच ते राष्ट्राध्यक्षांच्या सहीला जातं.

'बजेट' नावाचं एक पुस्तक तिथे नाही

आपल्याकडे १ फेब्रुवारीला अर्थमंत्री उभ्या राहतात, भाषण होतं, संध्याकाळी काय महाग आणि काय स्वस्त याच्या चौकटी छापायला जातात. सरकारकडे लोकसभेत बहुमत असतं, त्यामुळे जे मांडलं ते थोड्याफार फरकाने मंजूर होतंच. अर्थसंकल्प पडला तर सरकारच पडतं.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जो अर्थसंकल्प पाठवतात, ती कायद्याच्या भाषेत नुसती विनंती असते. काँग्रेसने ती बाजूला ठेवली तरी कुणाची खुर्ची हलत नाही. तिजोरीच्या किल्ल्या संविधानानेच काँग्रेसच्या कमरेला बांधल्या आहेत. पहिल्या अनुच्छेदात सरळ लिहिलंय की कायद्याने मंजुरी दिल्याखेरीज तिजोरीतून पैसा काढता येणार नाही. कर बसवणारं विधेयकही आधी प्रतिनिधीगृहातच मांडावं लागतं.

काँग्रेस मग तीन वेगवेगळ्या गोष्टी करते, आणि बातम्यांत या तिन्हींना 'बजेट' म्हणतात. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिली गोष्ट म्हणजे बजेट रिझोल्यूशन. एकूण किती खर्च, किती महसूल, याची काँग्रेसने स्वतःशी ठरवलेली चौकट. तो कायदा नसतो, त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही लागत नाही. दुसरी म्हणजे विनियोजन विधेयकं, संख्येने बारा. संरक्षण, शेती, वाहतूक, गृहसुरक्षा अशा खात्यांना वर्षभर प्रत्यक्ष पैसे देणारी. आणि तिसरी, रिकन्सिलिएशन. ती खरी कळीची, तिच्याकडे पुढे येतो.

बारा विधेयकांतही एक खोच आहे. एखादी योजना सुरू करायला एक कायदा लागतो आणि तिला पैसे द्यायला दुसरा. योजना मंजूर झाली म्हणजे पैसे मिळाले असं नाही. आपल्याकडे प्रशासकीय मान्यता मिळालेला पूल निधीअभावी वर्षानुवर्षं कागदावर राहतो, हे ज्याने पाहिलंय त्याला हा फरक वेगळा सांगायला नको.

शिवाय ही बारा विधेयकं मिळूनही खर्चाचा जेमतेम चौथा हिस्साच भरतो. २०२४ च्या आर्थिक वर्षात केंद्र सरकारने सुमारे ६.८ लाख कोटी डॉलर खर्च केले. त्यातले दरवर्षी मंजुरी घ्यावी लागणारे साधारण १.८ लाख कोटी. बाकीचा पैसा वृद्धांचं निवृत्तिवेतन म्हणजे सोशल सिक्युरिटी, वृद्धांचा आरोग्यविमा म्हणजे मेडिकेअर, गरिबांचा आरोग्यविमा म्हणजे मेडिकेड अशा योजनांवर आपोआप जातो, कारण मूळ कायद्यातच पात्र माणसाला तो हक्क म्हणून दिलेला आहे. आणि सुमारे ८८ हजार कोटी डॉलर नुसते व्याजाला गेले, लष्करावरच्या खर्चापेक्षाही जास्त. त्यामुळे सप्टेंबरमध्ये जी आदळआपट दिसते ती या एक चतुर्थांशावरून असते. मोठा पैसा हलवायचा तर मूळ कायदाच बदलावा लागतो.

आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. म्हणजे ३० सप्टेंबरच्या मध्यरात्रीच्या आत बाराही विधेयकं व्हायला हवीत, नाहीतर मंजुरीअभावी सरकारी कामकाज बंद पडतं. सध्याची पद्धत १९७४ च्या कायद्याने घालून दिली. त्यानंतरच्या जवळपास पन्नास वर्षांत हे वेळेत जमलंय फक्त चार वेळा, शेवटचं १९९६ मध्ये. एरवी काय करतात, तर आहे तोच खर्च काही आठवडे, काही महिने चालू ठेवणारा तात्पुरता ठराव. त्याला सीआर म्हणतात. आपल्या लेखानुदानाचा हा लांबचा भाऊ. मग नाताळच्या तोंडावर उरलेली विधेयकं एकाच गठ्ठ्यात बांधून हजारो पानांचं एक जाडजूड विधेयक पुढे येतं आणि सदस्य ते पुरतं न वाचता मत देतात.

प्रतिनिधीगृह: बहुमत असेल तर वाट मोकळी

४३५ चं सभागृह शिस्तीवर चालतं. कोणतं विधेयक कधी येणार, चर्चेला किती तास, दुरुस्त्या मांडता येणार की नाही, हे नियम समिती ठरवते. तिच्यात १३ सदस्य आणि त्यांतले ९ सत्ताधारी पक्षाचे. त्यामुळे विरोधकांना तिथे फार तर आवाज उठवता येतो. पक्षनेत्याला मात्र हवं तितका वेळ बोलायची मुभा आहे. ३ जुलै २०२५ ला डेमोक्रॅटिक नेते हकीम जेफ्रीज ८ तास ४४ मिनिटं सलग बोलले. मतदान तेवढं पुढे गेलं, थांबलं नाही.

पण बहुमत काठावरचं असेल तर हेच सभागृह स्पीकरच्या गळ्याला फास होतं. याचं कारण मराठी वाचकाला चटकन कळेल: तिथे पक्षांतरबंदीचा कायदा नाही. व्हिप आहे, पण तो समजूत घालणारा माणूस. आदेश मोडला म्हणून कुणाची सदस्यता जात नाही. प्रत्येक सदस्य आपापल्या मतदारसंघातून स्वतःच्या नावावर निवडून येतो, उमेदवारीसुद्धा पक्षश्रेष्ठींकडून न घेता प्राथमिक निवडणुकीत मतदारांकडून घेतो, आणि दर दोन वर्षांनी पुन्हा त्याच मतदारांसमोर जातो. त्यामुळे दहा-वीस जणांचा एक गट अडून बसला की नेत्याला त्यांच्या नाकदुऱ्या काढाव्या लागतात.

रिपब्लिकन नेते केव्हिन मॅकार्थींचं काय झालं ते पाहा. जानेवारी २०२३ मध्ये स्पीकर होण्यासाठी त्यांना मतदानाच्या १५ फेऱ्या लागल्या. त्यासाठी त्यांनी स्वपक्षीय बंडखोरांना जे कबूल केलं, त्यात एक अट अशी होती की कुणीही एकटा सदस्य स्पीकरला हटवण्याचा प्रस्ताव मांडू शकेल. ३० सप्टेंबर उजाडला, सीआर व्हायची चिन्हं दिसेनात. मॅकार्थींनी शेवटी विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाची मतं घेऊन सीआर मंजूर करून घेतला आणि सरकार चालू ठेवलं. तीन दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, त्यांच्याच पक्षाच्या आठ जणांनी डेमोक्रॅट्सबरोबर मत देऊन त्यांना २१६ विरुद्ध २१० असं खाली खेचलं. मतदानाने पद गमावलेले ते अमेरिकेच्या इतिहासातले पहिले स्पीकर. पुढचे तीन आठवडे सभागृहाला स्पीकरच नव्हता. सरकार बंद पडू दिलं नाही याची ही किंमत. इतर पक्षनेत्यांनी त्यातून कोणता धडा घेतला असेल, ते पुढच्या वर्षांत दिसलंच.

सिनेट: साठ मतांची खिंड

आता खरी अडचण. सिनेटमध्ये एखाद्या विधेयकावर मतदान घ्यायचं तर आधी चर्चा संपवावी लागते. आणि चर्चा संपवायला १०० पैकी ६० मतं लागतात. विधेयक मंजूर व्हायला ५१ पुरतात, पण तिथवर पोचायलाच ६० हवीत. या अडवणुकीला फिलिबस्टर म्हणतात.

हे संविधानात कुठेही लिहिलेलं नाही. सिनेटने स्वतःसाठी केलेला हा नियम. १९१७ पर्यंत चर्चा बंद करण्याची सोयच नव्हती. त्या वर्षी दोन तृतीयांश मतांनी चर्चा थांबवता येईल असं ठरलं, १९७५ मध्ये ते प्रमाण तीन पंचमांशावर आणलं. १९५७ मध्ये स्ट्रॉम थरमंड नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध २४ तास १८ मिनिटं उभे राहून बोलले होते. आता सहसा कुणाला उभं राहावं लागत नाही. 'आमचा विरोध आहे' एवढं कळवलं की पुरे, बहुमतवाल्यांनी साठ मतं जमवायची.

आज कोणत्याही पक्षाकडे साठ जागा नसतात. म्हणजे नेहमीच्या वाटेने जाणारं प्रत्येक विधेयक, बारा विनियोजन विधेयकं आणि सीआर धरून, विरोधी पक्षाच्या काही मतांशिवाय होत नाही. प्रतिनिधीगृहात एका पक्षाच्या बळावर सुटलेली गाडी सिनेटच्या खिंडीत अडते, ती इथे.

म्हणून मी बहिणीला एक सवय लावून घ्यायला सांगितली. वॉशिंग्टनची कोणतीही बातमी वाचलीस की आधी विचार, हे एक्कावन्नच्या वाटेचं आहे की साठच्या? साठच्या वाटेचं असेल तर मथळ्याला घाबरू नकोस, बहुधा होणार नाही, झालं तर बरंच सौम्य होऊन येईल. एक्कावन्नच्या वाटेचं असेल तर मात्र लक्ष ठेव.

एक्कावन्नची वाट

त्या वाटेचं नाव रिकन्सिलिएशन. १९७४ च्या कायद्यात ही सोय केली ती बजेटच्या चौकटीशी हिशेब जुळवून घेण्यासाठी, एक किरकोळ कारकुनी सोय म्हणून. तिच्यात चर्चेला २० तासांची मर्यादा आहे. चर्चेलाच मर्यादा म्हटल्यावर फिलिबस्टर उरत नाही आणि साध्या बहुमतावर काम भागतं. दोन्ही पक्षांच्या लक्षात आलं की तीन बोटांच्या या दारातून हत्ती नेता येतो. तेव्हापासून मोठमोठ्या करकपाती, आरोग्यविम्याची अनुदानं, हवामानबदलावरचा खर्च, सगळं इथूनच गेलं.

पण या दारावर एक पहारेकरी आहे. वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर रॉबर्ट बर्ड यांनी १९८५ मध्ये आणलेला नियम. ज्या तरतुदीचा महसुलाशी किंवा खर्चाशी थेट संबंध नाही, किंवा तो संबंध नाममात्र आहे, ती या विधेयकात चालणार नाही. दहा वर्षांच्या पलीकडे तूट वाढवणारी तरतूद चालणार नाही. सोशल सिक्युरिटीला हात लावता येणार नाही. कुठलं कलम नियमात बसतं यावर सल्ला देतात पार्लमेंटरियन, पक्षांपासून अलिप्त असलेल्या एक अधिकारी. २०१२ पासून त्या पदावर एलिझाबेथ मॅकडोनो आहेत. दोन्ही पक्षांचे कर्मचारी त्यांच्यासमोर कलमागून कलम मांडतात आणि त्या ठेव किंवा काढ सांगतात. तिथल्या बोलीत याला 'बर्ड बाथ' म्हणतात. २०२१ मध्ये किमान वेतन तासाला १५ डॉलर करण्याची डेमोक्रॅट्सची तरतूद याच आंघोळीत वाहून गेली.

त्याच विधेयकाची एक रात्र मला फार बोलकी वाटते. कोविड मदतीचं १.९ लाख कोटी डॉलरचं विधेयक, ६२८ पानं. ४ मार्च २०२१ च्या दुपारी रिपब्लिकन सिनेटर रॉन जॉन्सन यांनी मागणी केली की ते अक्षरन्‌अक्षर मोठ्याने वाचलं जावं. नियमाने तो हक्क एकट्या सदस्यालाही आहे. सिनेटचे कारकून आळीपाळीने उभे राहिले आणि जवळजवळ रिकाम्या सभागृहात, कलम, उपकलम, कंसातला आकडा, असं वाचत राहिले. पावणेअकरा तास. रात्री दोन वाजून गेल्यावर शेवटचं पान संपलं. तेव्हा डेमोक्रॅट ख्रिस व्हॅन होलन यांनी शांतपणे उभं राहून विनंती केली की चर्चेची वेळ वीस तासांऐवजी तीन तास करावी. अशी विनंती एकाही सदस्याने हरकत घेतली की पडते. पण हरकत घ्यायला त्या घटकेला सभागृहात एकही रिपब्लिकन नव्हता. अकरा तासांची अडवणूक करून विरोधकांनी सतरा तासांची चर्चा गमावली. दोन दिवसांनी विधेयक ५० विरुद्ध ४९ असं मंजूर झालं. सिनेटमध्ये नियम माहीत असणं जितकं मोलाचं, तितकंच हजर असणं.

चर्चा संपली की दुरुस्त्यांवर एकामागून एक मतदान होतं, त्याला संख्येची मर्यादा नसते. याला 'व्होट-अ-रामा' म्हणतात. बहुतेक दुरुस्त्या पडणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. उद्देश हा की प्रतिस्पर्ध्याने कशाविरुद्ध मत दिलं याची नोंद व्हावी आणि ती पुढच्या निवडणुकीत जाहिरातीत दाखवता यावी.

आता आपल्या मूळ गोष्टीकडे. ट्रम्प यांनी ज्याला 'वन बिग ब्यूटिफुल बिल' म्हटलं, ते याच वाटेने गेलं. ते तेव्हाच का आलं, याचं उत्तरही नियमातच आहे. २०१७ च्या करकपाती रिकन्सिलिएशनने केल्या होत्या, आणि दहा वर्षांपलीकडे तूट वाढवायची नाही हा नियम पाळण्यासाठी व्यक्तींच्या कपातींना ३१ डिसेंबर २०२५ ची मुदत घातली होती. मुदत संपली की कोट्यवधी घरांचा कर वाढणार होता. कपाती चालू ठेवायच्या तर पैसा कुठून तरी दाखवायला हवा. त्या शोधात मेडिकेडला कात्री लागली, आणि त्याच शोधात कुणाच्या तरी नजरेत परदेशी पाठवला जाणारा पैसा आला. प्रतिनिधीगृहाच्या मसुद्यात तो कर अमेरिकी नागरिक नसलेल्यांवर होता, म्हणजे एच-वन-बीवाले आणि ग्रीनकार्डवालेही त्यात येत होते. महसूल मिळवून देणारी तरतूद असल्यामुळे बर्ड नियमाचा तिला अडथळा नव्हता. बहिणीची भीती अनाठायी नव्हती, हे मला इथे सांगायलाच हवं. हे एक्कावन्नच्या वाटेचं प्रकरण होतं.

२२ मे ला प्रतिनिधीगृहाने ते २१५ विरुद्ध २१४ असं मंजूर केलं, कर तोवर साडेतीन टक्क्यांवर आला होता. सिनेटने जूनमध्ये बँक खात्यातून आणि अमेरिकी बँकांच्या कार्डाने पाठवलेले पैसे वगळले, दर एक टक्का केला आणि नागरिक-परके हा भेद काढून टाकला. मेक्सिको सरकारचा जाहीर विरोध होता, पैसे पाठवणाऱ्या समाजांचा आरडाओरडा होता. पण मला सिनेटच्या गणिताचा वाटाही मोठा वाटतो. एकेका मतासाठी घासाघीस चालू असताना थोडाच महसूल देणारी आणि खूप लोकांना दुखावणारी तरतूद सोडायला सोपी असते. त्याच घासाघिशीत अलास्काच्या सिनेटर लिसा मर्कोव्स्की यांनी आपल्या राज्यासाठी खास सवलती पदरात पाडून घेतल्या. विरोधकांनी या विधेयकाचंही वाचन करवलं, जवळपास सोळा तास. मग चोवीस तासांहून लांबलेला व्होट-अ-रामा. १ जुलैला ५०-५० अशी बरोबरी झाली आणि उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी निर्णायक मत टाकलं. त्याआधी सिनेटमधले डेमोक्रॅटिक नेते चक शूमर यांनी बर्ड नियमाचा आधार घेऊन विधेयकाचं ते गाजलेलं नावच काढायला लावलं, कारण नावाने तिजोरीत ना पैसे येत, ना जात.

सिनेटने बदललेला मजकूर प्रतिनिधीगृहाने एक स्वल्पविरामही न हलवता स्वीकारला. हलवला असता तर पुन्हा सिनेटकडे जावं लागलं असतं आणि तिथे ५१ वं मत दुसऱ्यांदा मिळेल याची खात्री कुणालाच नव्हती. ३ जुलैला २१८ विरुद्ध २१४. हजर असलेले सगळे डेमोक्रॅट विरोधात, त्यांत बेळगावात वाढलेले आपले मराठी भाषक श्री ठाणेदारही, जे २०२३ पासून मिशिगनचे प्रतिनिधी आहेत. काँग्रेसच्याच अंदाजपत्रक कार्यालयाच्या, म्हणजे सीबीओच्या हिशेबाने या कायद्यामुळे दहा वर्षांत तूट ३.४ लाख कोटी डॉलरने वाढेल.

कुलूप कसं लागतं

साठच्या वाटेवर गाडं अडलं की शटडाऊन होतं, म्हणजे सरकारी कामकाज बंद पडतं. पूर्वी असं नव्हतं. मंजुरी लांबली तरी कचेऱ्या चालू राहायच्या, पैसे येतीलच या भरवशावर. १९८० मध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी एकोणिसाव्या शतकातल्या एका कायद्याचा कडक अर्थ लावला: मंजुरी नसताना सरकारने काम करून घेणं बेकायदा आहे. पुढच्या वर्षी त्यांनी त्यात जीवित आणि मालमत्तेच्या रक्षणाचा अपवाद घातला. आजचं शटडाऊन या दोन अभिप्रायांवर उभं आहे. उद्यानांच्या माहिती केंद्रांना कुलूप लागतं, पण विमानतळावरचे हवाई नियंत्रक बिनपगारी कामावर येतात.

बिनपगारी माणूस किती दिवस येणार? २०१८-१९ चं शटडाऊन ३५ दिवस चाललं. पस्तिसाव्या दिवशी, २५ जानेवारी २०१९ ला, नियंत्रक कमी पडले म्हणून न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळाकडे येणारी विमानं काही काळ रोखावी लागली. त्याच दिवशी तडजोड जाहीर झाली.

१ ऑक्टोबर २०२५ ला सुरू झालेलं शटडाऊन ४३ दिवसांचं, तोपर्यंतचं सर्वांत लांब. त्याचं मूळही एका मुदतीत होतं. आरोग्यविम्याची वाढीव अनुदानं डेमोक्रॅट्सनी २०२१ आणि २०२२ मध्ये रिकन्सिलिएशनने दिली, आणि खर्चाचा आकडा आवाक्यात राहावा म्हणून ती २०२५ अखेरपर्यंतच ठेवली. ती वाढवा, तरच सीआरला मत, अशी त्यांची अट. नोव्हेंबरमध्ये गरिबांच्या अन्नमदतीचे, जवळपास ४.२ कोटी लोकांचे, पैसे अडकले. चाळीस विमानतळांवरची उड्डाणं कमी करावी लागली. अखेर डेमोक्रॅट गटातले आठ जण फुटले आणि ६० विरुद्ध ४० ने मार्ग निघाला. अनुदानांवर डिसेंबरमध्ये मतदान घेऊ, एवढंच आश्वासन हाती आलं. ११ डिसेंबरला ते मतदान झालं: बाजूने ५१, विरोधात ४८. आणि प्रस्ताव पडला. बाजूने बहुमत असताना पडला, कारण वाट साठची होती.

त्या ऑक्टोबरमध्ये माझ्या बहिणीचं ऑफिस चालू होतं, पण तिच्या नव्या नोकरीचं अडलं. एच-वन-बीचा अर्ज करण्याआधी कामगार खात्याकडून एक प्रमाणपत्र लागतं, आणि ते खातं मंजूर निधीवर चालतं. त्याची ऑनलाइन यंत्रणा महिनाभर बंद होती, ३१ ऑक्टोबरला उघडली. इमिग्रेशनचं काम पाहणारी यूएससीआयएस अर्जदारांच्या शुल्कावर चालते, म्हणून ती मात्र सुरू. एक खिडकी उघडी, पण तिथे द्यायचा कागद ज्या खिडकीतून मिळतो तिला कुलूप. अशा वेळी कंपनी थांबायला तयार असेल तर ठीक. तिची होती.

कर्जमर्यादेचं प्रकरण यापेक्षा निराळं, पण लोक दोन्ही एकच समजतात. शटडाऊनमध्ये नव्या खर्चाला मंजुरी नसते. कर्जमर्यादा गाठली की आधीच मंजूर झालेल्या खर्चासाठी उसने पैसे घेता येत नाहीत. ते जास्त घातक, कारण त्यात सरकारी रोख्यांचं व्याज थकू शकतं. २०११ मध्ये त्यावरून इतकं ताणलं गेलं की एस अँड पी या पतमानांकन संस्थेने अमेरिकेचं सर्वोच्च पतमानांकन पहिल्यांदाच खाली आणलं. २०२५ च्या त्याच विधेयकात ही मर्यादा ५ लाख कोटी डॉलरने वाढवून घेतली, पुन्हा एक्कावन्नच्या वाटेने.

आणि आता एक नवं दुखणं, जे मला सगळ्यांत गंभीर वाटतं. साठ मतांनी, म्हणजे दोन्ही पक्षांच्या सहमतीने मंजूर झालेला निधी नंतर साध्या बहुमताने मागे घेता येतो. राष्ट्राध्यक्ष तशी शिफारस करतात, काँग्रेसकडे ४५ दिवस असतात, आणि तिथे फिलिबस्टर लागू नाही. जुलै २०२५ मध्ये परदेशी मदत आणि सार्वजनिक प्रसारणाचे मिळून सुमारे ९०० कोटी डॉलर असे परत घेतले गेले. विरोधी सिनेटरच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. आठवडेच्या आठवडे बसून तडजोड करायची, आपल्या मतदारांच्या शिव्या खाऊन मत द्यायचं, आणि कबूल केलेला पैसा दोन महिन्यांनी समोरच्याने एकट्याने काढून घ्यायचा. ऑगस्टअखेर तर परदेशी मदतीचे आणखी ४९० कोटी डॉलर रोखण्याची सूचना इतकी उशिरा आली की ४५ दिवस पुरे होण्याआधी आर्थिक वर्षच संपणार होतं. बारा विधेयकांवर बसून बोलायला जो किमान विश्वास लागतो, तोच यातून आटतो.

पैसे पाठवण्यावरचा तो एक टक्का १ जानेवारी २०२६ पासून सुरू झाला. एडिसनमध्ये बहिणीच्या घराजवळच्या किराणा दुकानात पैसे पाठवण्याची एक खिडकी आहे. शनिवारी तिथे बांधकामावरची, हॉटेलांच्या स्वयंपाकघरातली माणसं रांगेत उभी असतात, पगाराच्या नोटा घेऊन, बँक खातं नसलेली. शंभर डॉलर पाठवले की एक डॉलर कर. मावशीचं ऑपरेशन फेब्रुवारीत झालं, पैसे खात्यातून गेले, कर शून्य. बहीण म्हणाली, "दादा, आम्ही ईमेल लिहिले, सह्या गोळा केल्या, आमचं ऐकलं. त्या रांगेतल्यांसाठी कुणी फोन केला असेल?"